वारशात आलेल्या सुऱ्याची किंमत कशी काढायची?

गावच्या घरात जुनी पेटी उघडली आणि तिच्यात शिकारीचा सुरा सापडला, की दोन प्रश्न हमखास येतात. एक, "याचे किती येतील?" आणि दुसरा, "शिवकालीन असेल का हो?" संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसाने या दोन्हींच्या आधी तिसरा प्रश्न विचारायला शिकायचं असतं: या वस्तूबद्दल आपण जे सांगतोय ते आपल्याला कशावरून माहीत आहे? हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. उदाहरणं दोन घेते. एक सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं, दुसरं कशेडी घाटाखालच्या आमच्या आजोळचं.

आधी मोठं उदाहरण. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेलं की प्रतापगड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ ला त्या गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखानाची भेट झाली. त्या भेटीशी जोडली जाणारी वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. ती ३ वर्षांच्या करारावर जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांनी रांगा लावून पाहिली. तुमच्यापैकी काही जण त्या रांगेत असतीलही.

आता ही वस्तू "तीच" आहे हे कशावरून? पुराव्याचा मुख्य दुवा आहे ती ज्या पेटीत ठेवली आहे त्या पेटीवरचा मजकूर. त्याचा आशय असा: ही शिवाजीची वाघनखं, साताऱ्याला रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिली. हा ग्रँट डफ म्हणजे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहून प्रसिद्ध करणाराच. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि तो साताऱ्याला आला. त्याच्या वंशजाने पुढे ही वस्तू म्युझियमला दिली.

साखळी नीट बघा. म्युझियमपासून ग्रँट डफपर्यंत ती धडधाकट आहे, कारण घराणं माहीत, पेटी माहीत, मजकूर माहीत. पण १६५९ ते १८१८ या १५९ वर्षांत वस्तू कोणाकडे होती, हे त्या पेटीवर लिहिलेलं नाही. म्हणून म्युझियमने स्वतःच स्पष्ट म्हटलंय की महाराजांनी वापरली ती हीच वाघनखं, याची खातरजमा करता आलेली नाही. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. त्यात वस्तूचा अपमान नाही की महाराजांचाही नाही. साखळी कुठपर्यंत धरता येते आणि कुठे सुटते, एवढंच प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. इंग्रजीत यालाच प्रोव्हेनन्स म्हणतात. मराठीत आपण "वस्तूची वंशावळ" म्हणू.

आता आजोळचा सुरा. मुंबई-गोवा महामार्गाने पोलादपूर सोडलं की कशेडी घाट सुरू होतो आणि पलीकडे खेड, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. हल्ली बोगद्यामुळे घाट चढायची गरज उरली नाही, पण आमची वाडी अलीकडच्या पायथ्याला, त्यामुळे आम्हाला फरक पडत नाही. तिथल्या माळ्यावर लोखंडी ट्रंकेत हा सुरा होता. पातं साधारण ६ इंच, मूठ शिंगाची, चामड्याचं म्यान वाळून कडक झालेलं. मामाचं म्हणणं, "मावळ्यांच्या वेळचा आहे. महाडला नेऊन बफ मारून आणू, चकचकीत झाला की भाव येईल. तू शिकलेली आहेस, सांग बघू काय येतील ते."

मी म्हटलं, "मामा, बफ तेवढा मारू नका." पुढचं सगळं त्या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

पात्याच्या मुळाशी, मुठीला लागून, गंजाखाली काहीतरी खोदलेलं दिसत होतं. मोबाइलची बॅटरी एका बाजूने तिरकी धरली की अशा खुणांची सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. पैसे लागत नाहीत, वस्तूला हात लागत नाही. तिरक्या उजेडात एक मुकुट, दोन्ही बाजूंना 'जी' आणि 'आर' ही रोमन अक्षरं, खाली एक चांदणी आणि क्रूस, आणि 'शेफील्ड' या शब्दाची शेवटची चार-पाच अक्षरं दिसली.

चांदणी आणि माल्टीज क्रूस ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याची खूण. १८२२ मध्ये त्यांना इंग्लंडच्या राजाचे सुरीकार म्हणून नेमणूक मिळाली आणि मग राज्यकर्त्याची आद्याक्षरं पात्यावर यायला लागली. व्हिक्टोरिया राणी असेल तर 'व्ही आर', जॉर्ज राजा असेल तर 'जी आर'. १९०१ पर्यंत राणी होती. म्हणजे आमच्या पात्यावरचा जॉर्ज एकतर १८३० च्या आधीचा, नाहीतर १९१० नंतरचा पाचवा किंवा सहावा. सुऱ्याची घडण आणि म्यानाची शिलाई पाहता दुसरी शक्यता मला जास्त वाटते. पण इथे एक सावधगिरी. रॉजर्सचं नाव इतकं चालायचं की त्याच्या नकलाही भरपूर झाल्या. त्यामुळे खूण म्हणजे निकाल नव्हे, खूण म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते.

खुणांवरून काळ काढायचे आणखी काही सोपे नियम लिहून ठेवा. 'स्टेनलेस' असं कोरलेलं असेल तर सुरा १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये ते पोलाद तेव्हा केलं. देशाचं नाव ठळक असेल तर बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखाने सगळ्याच मालावर ते घालू लागले. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या मधला. यातला प्रत्येक नियम "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगतो. खूण नसणं मात्र काहीच सिद्ध करत नाही. 'स्टेनलेस' लिहिलेलं नाही म्हणून सुरा १९१३ आधीचा, असं अनुमान परीक्षेत काढलंत तर मार्क जातील.

म्हणजे मावळ्यांची गोष्ट गेली. मामा थोडा हिरमुसला. मग त्याने विचारलं, "शेफील्डचा सुरा आपल्या वाडीत कसा काय आला?" हाच खरा इतिहासाचा प्रश्न आणि तो मामाने विचारला, मी नाही.

बाहेरचं पातं आपल्याकडे येणं ही गोष्ट मुळात नवी नाही. मराठ्यांच्या शस्त्रांत 'फिरंग' नावाची तलवार आहे. युरोपातून आलेलं सरळ पातं आणि त्याला इथली मूठ. नावातच तिचं मूळ सांगितलेलं आहे. विसाव्या शतकात वाटा बदलल्या. महाड हे सावित्रीच्या खाडीवरचं बंदर, आणि या तालुक्यांतून माणसं मुंबईला गोदीत, गिरणीत, बोटीवर, साहेबाच्या घरी आणि पलटणीत जात. मुंबईत १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं दुकान उघडलं. साहेब लोक शिकारीचं सामान तिथून घेत. साहेब विलायतेला परत गेला की सामान वाटलं जाई, विकलं जाई. आजी म्हणते, "तुझे पणजोबा मुंबईस साहेबाकडे होते, त्याने दिला." मामा म्हणतो पलटणीतून आला. पलटणीचा सरकारी माल असता तर त्यावर तीन रेघांच्या बाणाची खूण मिळण्याची शक्यता होती. आमच्या पात्यावर ती नाही, पण वर म्हटल्याप्रमाणे नसण्यावरून निकाल देता येत नाही. मी वहीत दोन्ही म्हणणी लिहिली, कोणी, कधी, कुठे बसून सांगितलं त्यासकट. ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता, त्यावर पत्त्यात "जि. कुलाबा" असं आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ ला रायगड झालं. म्हणजे तो कागद त्याच्या आधीचा. लहानसा दुवा आहे, पण पक्का.

आता शिंगाची मूठ. मराठीत आपण गायीच्या आणि सांबराच्या दोन्हीला शिंगच म्हणतो, पण पदार्थ वेगळे आहेत. गायीम्हशीचं शिंग केराटिनचं, आपल्या नखासारखं. सांबराचं शिंग म्हणजे हाड, आणि ते दर वर्षी गळून नवं येतं. भिंग लावून पाहिलं तर बाहेरून खडबडीत आणि आतून जाळीदार दिसतं. भारतातलं सांबरशिंग शेफील्डला आणि जर्मनीत झोलिंगेनला सुऱ्यांच्या मुठींसाठी जात असे. म्हणजे रान इथलं, शिंग इथलं, मूठ विलायतेत आणि सुरा पुन्हा कोकणात, असाही प्रवास झालेला असू शकतो. शिवाय शिंग गळून पडतं, त्यामुळे सांबराची मूठ पाहून "आजोबांनी सांबर मारलं" असंही म्हणता येत नाही. कुणाला रानात सापडलेलंही असेल.

तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी असाल तर आता म्हणाल, मशीनखाली घाला की. घालूया, पण मशीन काय सांगतं आणि काय सांगत नाही ते आधी समजून घ्या.

हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र पृष्ठभागावर क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखतं. त्याला मँगनीज, क्रोमियम दिसतात. १८५६ नंतरच्या बेसेमर युगातल्या कारखानी पोलादात मँगनीज मुद्दाम घालतात, जुन्या भट्टीच्या लोखंडात ते सहसा फार कमी असतं. त्यामुळे हा आकडा उपयोगी. कोकणात "गाडीच्या पाट्याचा कोयता" नावाजलेला असतो. ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेला. त्यात मँगनीज भरपूर आणि काही वेळा क्रोमियमही मिळेल. "पणजोबांच्या पणजोबांचा" म्हणून दाखवलेलं पातं मोटारीच्या स्प्रिंगचं निघालं, तर यंत्राने ते अर्ध्या मिनिटात सांगितलेलं असतं. पण पोलादाचा प्राण म्हणजे कार्बन, आणि तो नेमका या यंत्राला दिसत नाही, कारण मूलद्रव्य फार हलकं. त्यासाठी ठिणगी पाडून वर्णपट घ्यावा लागतो, नाहीतर तुकडा कापून, घासून, आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. दोन्हींत वस्तूला जखम होते.

मग मुठीची कार्बन डेटिंग? हाडातल्या कोलॅजेनवर ती करता येते आणि दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरसारख्या ठिकाणी अगदी थोड्या नमुन्यावर होते. पण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बन-१४ चा आलेख असा वरखाली होतो की एकाच मोजमापाला अनेक तारखा लागू पडतात. म्हणजे "शिवकालीन की इंग्रजांच्या काळातला" हा आपला आवडता प्रश्न, आणि त्यालाच ही चाचणी धड उत्तर देत नाही. १९५५ नंतरचं मात्र ती छान ओळखते, कारण अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट केला. चाचणी निवडताना आधी विचारा: माझ्या प्रश्नाच्या काळात ही चाचणी डोळस आहे की आंधळी?

नुसत्या प्रयोगशाळेवर विसंबलं की काय होतं, याचं एक मुंबईचंच उदाहरण आहे. १७९० च्या दशकात कंपनीच्या नोकरीत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉटने मुंबईहून 'वुट्झ' नावाच्या पोलादाच्या लाद्या लंडनला सर जोसेफ बँक्सकडे पाठवल्या. जॉर्ज पिअर्सनने त्यावर प्रयोग करून १७९५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. पुढे मायकेल फॅरडेनेही १८१९ मध्ये वुट्झचं पृथक्करण केलं आणि त्यातून मिश्रधातूंवरचं त्याचं काम उभं राहिलं. पण पिअर्सनच्या शीर्षकातच लिहिलंय की हे पोलाद "मुंबईत तयार झालेलं" आहे. वुट्झ बनायचं दक्षिणेत, म्हैसूर, तेलंगण, तमिळ मुलखात. शब्दसुद्धा कन्नड 'उक्कु'वरून आला असं मानतात. मुंबईहून फक्त जहाज सुटलं होतं. प्रयोग उत्तम, वजनमापं नेटकी, आणि वस्तू कुठली हे मात्र चुकीचं. पाठवण्याचं गाव आणि बनण्याचं गाव यांत गल्लत झाली. आमच्या सुऱ्यावर 'शेफील्ड' आहे म्हणून मूठही शेफील्डचीच, असं म्हणणं याच जातीचं.

म्हणून परत येते बफ मारण्याच्या मुद्द्यावर. मुठीच्या आणि पात्याच्या सांध्यात लाल काहीतरी बसलेलं होतं. मला वाटलं गंज. आजी म्हणाली, "कुंकू असेल ते. दसऱ्याला कोयत्यांबरोबर तोही पाटावर ठेवायचो." खोबरेल आणि कुंकवाचा कित्येक दसऱ्यांचा थर. पात्याच्या पोटाकडे धार झिजून किंचित आत गेली आहे आणि टोक मात्र शाबूत आहे. आजीच्या सांगण्याप्रमाणे या सुऱ्याने कधी सावज मारलं नाही. पारध ठासणीच्या बंदुकीने व्हायची, सुरा कातडं सोलायला आणि वाटे घालायला. झीज तिच्या म्हणण्याशी जुळते. बफने हे सगळं पाच मिनिटांत गेलं असतं: खूण, झीज, कुंकू. उरलं असतं चकचकीत, मुकं पातं.

बाजारभावाचं सरळ सांगते. रॉजर्सने असे सुरे ढिगाने केले, त्यामुळे नुसत्या पात्याची किंमत मोठी नाही. संग्राहक जास्त देतो तो मूळ म्यान, वाचता येणारी खूण आणि मालकाची कागदोपत्री हकिकत यांना. घासलेल्या पात्याला तो कमी देतो. म्हणजे बाजारसुद्धा शेवटी वंशावळीलाच पैसे मोजतो. "दमास्कस" म्हणून लाटालाटांची पाती हल्ली विकतात, ती बहुतेक दोन पोलादांचे थर ठोकून, आम्लात बुडवून केलेली नवी असतात. वुट्झची नक्षी लादीच्या आतूनच आलेली असते.

कायदाही माहीत असू द्या. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि मग ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. सांबराच्या शिंगाची मूठ असेल तर विक्रीचा विचार करण्याआधी वनविभागाला विचारा, नाहीतर वारसा विकायला जाल आणि गुन्हा घेऊन याल. याच कायद्याने शिकार बंद झाली. रानाच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण त्यामुळे हे सुरे ट्रंकेत गेले आणि त्यांच्याबद्दल बोलणंही थांबलं, कारण कोण उगाच कबुली देईल?

माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची माहिती या गप्प बसण्यात अडकली आहे. गावपारधीत हाकारे कोण घालायचं? माग काढायला कातकरी वाडीतून कोणाला बोलवायचे आणि त्याच्या वाट्याला काय यायचं? सुरा कोणाच्या हातात असायचा, आणि कोणाला तो हातात मिळत नसे? डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह केला तो याच महाड तालुक्यात. पाण्याला शिवायचं कोणी हे जिथे ठरलेलं होतं, तिथे मांसाचे वाटेही ठरवूनच पडत असणार, असा माझा तर्क आहे. पण तर्क तपासायला माणसं विचारावी लागतील. हे एक्सआरएफ सांगणार नाही आणि शेफील्डचं दप्तरही सांगणार नाही.

आणि वेळ कमी आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडमध्ये घराघरात शिरलं. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली. त्या दुःखापुढे वस्तूंचं बोलणं लहान आहे, हे मला कळतं. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट दिसते: चिखलातून पातं पुन्हा हाती लागतं, पण ते कोणाचं होतं हे सांगणारं माणूस गेलं की ते कोणाचंच राहत नाही.

तेव्हा तुमच्या घरी असा सुरा, कोयता, कट्यार, काहीही असेल तर एवढं करा. पाण्याने किंवा पावडरीने धुऊ नका, धार लावू नका. शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. लांबी, रुंदी, वजन लिहा. कोणत्या पेटीत, कशात गुंडाळलेला, बरोबर कोणते कागद होते ते लिहा आणि ते वेगळे करू नका. घरातल्या निदान दोन माणसांना वेगवेगळं बसवून विचारा, परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. त्यांची म्हणणी जुळली नाहीत तर जुळवायला जाऊ नका, तशीच लिहा. शेवटी तीन रकाने आखा: वस्तूवर दिसलेलं, कोणी सांगितलेलं, मी लावलेला तर्क. पीएचडीत पुढे चार-पाच वर्षं तुम्ही हेच तीन रकाने वेगळे ठेवायला शिकणार आहात.

आमचा सुरा अजून ट्रंकेतच आहे, मऊ सुती कापडात, कोरड्या जागी. मामाने त्याला एक चिठ्ठी बांधली आहे आणि आजीचं म्हणणं तिच्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. माझं काम पुढच्या सुट्टीत आजीकडे बसून पारधीचं उरलेलं विचारून घेणं. तुमच्या घरी सांगणारं कोणी असेल तर प्रयोगशाळेची वेळ ठरवण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या.